लेखकाला टोपणनाव, प्रकाशकाला जोखीम

मराठी एम.ए.च्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारावे : 'शतपत्रे' कोणाची? लोकहितवादींची, हे उत्तर तत्काळ येते. ती कोठे छापली गेली, असे विचारल्यास 'प्रभाकर'चे नावही निघते. पण 'प्रभाकर' कोणाचा, या तिसऱ्या प्रश्नाला वर्ग गप्प होतो. दोष विद्यार्थ्यांचा नाही. आपण मराठीचे अध्यापक वाङ्मयाचा इतिहास ज्या रीतीने शिकवतो, त्या रीतीतच प्रकाशकाला जागा नाही. ही रीत चुकीची आहे आणि ती बदलली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

'प्रभाकर' गोविंद विठ्ठल कुंटे यांचा. महाराष्ट्र त्यांना भाऊ महाजन म्हणून ओळखतो, किंवा खरे म्हणजे ओळखत असे. जन्म 1815चा, पेणचा. 24 ऑक्टोबर 1841 रोजी त्यांनी मुंबईत हे साप्ताहिक सुरू केले. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' त्याच्या आदल्या वर्षी बंद पडले होते. 'दर्पण' मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघे. 'प्रभाकर' मराठीवर उभा राहिला. याच पत्रातून फ्रान्समधील राज्यक्रांतीचा इतिहास मराठी वाचकाला क्रमशः वाचावयास मिळाला. पुढे 1853मध्ये 'धूमकेतू' व 1854मध्ये 'ज्ञानदर्शन' ही आणखी दोन नियतकालिके भाऊंनी काढली. आणि 19 मार्च 1848च्या अंकापासून 1850पर्यंत, 'लोकहितवादी' या सहीची 108 पत्रे त्यांनी 'प्रभाकर'मधून प्रसिद्ध केली.

येथे एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. गोपाळ हरी देशमुख हे सरकारी नोकर होते आणि टोपणनावाने लिहीत होते. ब्राह्मणवर्गाच्या अहंकारावर, विधवांच्या स्थितीवर, पोथीनिष्ठ अज्ञानावर त्यांनी जे आसूड ओढले, ते ओढताना सहीच्या आड उभे राहण्याची सोय त्यांना होती. त्यात कमीपणा काहीच नाही. पण प्रकाशकाला ही सोय नव्हती. 1835च्या अकराव्या कायद्याने, म्हणजे मेटकाफच्या प्रसिद्ध कायद्याने, छापखान्यावरची परवान्याची सक्ती उठवली. मात्र त्याच कायद्याने वृत्तपत्राच्या मुद्रकाला व प्रकाशकाला आपले नाव आणि छपाईचे ठिकाण दंडाधिकाऱ्यापुढे नोंदवणे भाग पाडले. लेखक निनावी राहू शके, छापणारा राहू शकत नसे. वर्गणीदार चिडला तर वर्गणी बंद होणार ती पत्राची. सरकारची मर्जी खप्पा झाली तर विचारणा होणार ती छापखान्याला. अशा स्थितीत एका संपादकाने ही पत्रे एक-दोनदा नव्हे, दोन वर्षांहून अधिक काळ छापली. 'शतपत्रां'च्या धैर्याचे माप काढताना हा हिशेब आपण कधी मांडतो काय?

त्याच आठवड्यात युरोपात काय चालले होते, हे पाहिल्यास तुलना अधिक उद्‌बोधक ठरते. 13 मार्च 1848 रोजी व्हिएन्नात मेटरनिखला सत्ता सोडावी लागली आणि त्याच्या राजवटीची पूर्वतपासणीची यंत्रणा कोसळली. तोवर ऑस्ट्रियात मजकूर छापण्याआधी सरकारी तपासनिसाच्या नजरेखालून जात असे, आणि पुस्तकविक्रेत्याला बंदी असलेली पुस्तके गिऱ्हाइकाची पारख करूनच काढून द्यावी लागत. त्याच वर्षी 3 जुलै रोजी आउगुस्ट त्सांग या गृहस्थाने व्हिएन्नात 'दी प्रेसे' हे दैनिक काढले. हा मनुष्य त्यापूर्वी पॅरिसमध्ये बेकरी चालवीत होता! तरीही ऑस्ट्रियाचा इतिहास त्याची नोंद घेतो. त्याने पाव विकला म्हणून त्याचे वृत्तपत्र हलके ठरत नाही. आपल्याकडे मात्र 'दुकान' हा शब्द आला की समीक्षा नाक मुरडते.

हे नाक मुरडणे जुने आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' आपण वाचतो; पण सरकारी नोकरीबाहेर पडून देशकार्य उभारू पाहणाऱ्या या निबंधकाराने 'किताबखाना' नावाचे पुस्तकांचे दुकान काढले, चित्रशाळा व आर्यभूषण छापखाना उभारण्यात भाग घेतला, हे आपण चरित्राच्या तळटीपेत ढकलतो. वस्तुतः भाषेचा अभिमान वाढवावयाचा तर पुस्तक लोकांच्या हातात पडले पाहिजे, ही समज त्या दुकानात होती. जावजी दादाजींनी 1869मध्ये निर्णयसागर छापखाना काढला; त्यांच्या देवनागरी खिळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या संस्कृत आणि मराठी ग्रंथ वाचले गेले. वाङ्मयेतिहासाच्या आपल्या तासाला त्यांचे नाव कितीदा निघते?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. साहित्याच्या अभ्यासकाने संहिता पाहावी. ती कोणी छापली, किती खपली, हे वृत्तपत्रविद्येचे किंवा अर्थशास्त्राचे काम, असे काही सहकारी म्हणतात. त्यांना आमचे उत्तर संहितेतूनच आहे. 'शतपत्रां'वर पुनरुक्तीचा दोष ठेवला जातो. रचना विस्कळीत आहे, मुद्दा तोच तोच येतो, असे म्हटले जाते. पण हे लेखन ग्रंथ म्हणून लिहिलेच गेले नव्हते. ते आठवड्याला एक याप्रमाणे, स्तंभाच्या मापात, मागचा अंक जवळ नसलेल्या वाचकासाठी लिहिले गेले. अशा वाचकाला मुद्दा पुन्हा सांगावाच लागतो. सलग ग्रंथात जो दोष दिसतो, तो साप्ताहिकात गुण असतो. लहान वाक्ये, थेट संबोधन, चढा सूर, मध्येच तोडलेला विषय या सर्वांचा उलगडा नियतकालिकाच्या स्वरूपातून होतो. म्हणजे 'प्रभाकर' बाजूला ठेवून 'शतपत्रे' वाचणाऱ्याला त्यांची शैलीच नीट कळत नाही. रॉबर्ट डार्न्टनने 1982मध्ये ग्रंथेतिहासाचे जे वर्तुळ मांडले, त्यात लेखक, प्रकाशक, मुद्रक, वाहतूकदार, विक्रेता व वाचक सारे एका साखळीत येतात. आपण त्यातील दोन कड्या ठेवतो आणि मधल्या सर्व तोडून टाकतो.

दुसरा आक्षेप असा की भाऊ महाजनांची उपेक्षा झालेलीच नाही; रा. के. लेले यांच्या 'मराठी वृत्तपत्रांचा इतिहास' या ग्रंथासारखी साधने उपलब्ध आहेत. आहेत, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. पण ती वाचतो कोण? पत्रकारितेचा विद्यार्थी. मराठीच्या विद्यार्थ्याला ती 'संदर्भासाठी' सुचवली जातात, आणि आपल्याकडे 'संदर्भासाठी' या शब्दाचा अर्थ 'परीक्षेला नाही' असा होतो, हे आपण सारेच जाणतो.

हे आम्ही धरमपेठेत बसून लिहितो आहोत, यालाही कारण आहे. भाऊ महाजनांचे उत्तरायुष्य नागपुरात गेले आणि 1890मध्ये ते येथेच वारले. मुंबईत मराठी वाचकाला आधुनिक जगाशी ओळख करून देणारा हा संपादक आपल्या गावचा रहिवासी होता. तरी 6 जानेवारीला 'दर्पण'च्या स्मरणार्थ पत्रकारदिनाची भाषणे याच शहरात होतात आणि त्यांत 'प्रभाकर'चा उल्लेख आम्हांला क्वचितच ऐकू येतो. बाळशास्त्र्यांचा मान कमी करावा असे कोणीच म्हणत नाही. पण त्यांच्या पाठोपाठ मराठी पत्र चालवून दाखवणाऱ्याला त्या दिवशी एक वाक्यही मिळू नये?

पुतळा किंवा चौकाला नाव, ही आमची मागणी नाही. मागणी अध्यापकांकडे आहे, म्हणजे स्वतःकडेच आहे. एकोणिसाव्या शतकातील गद्य शिकवताना प्रत्येक कृतीसोबत तिचे पहिले प्रकाशनस्थळ, प्रकाशक आणि छापखाना सांगावा. 'शतपत्रां'वरील प्रश्नात 'प्रभाकर'च्या संपादकाची भूमिका विचारावी. पीएच.डी.साठी पुन्हा एखाद्या कवीच्या प्रतिमासृष्टीवर विषय देण्यापेक्षा नागपूर-वऱ्हाडातील जुन्या छापखान्यांवर आणि पुस्तकविक्रेत्यांवर विषय द्यावेत. जुन्या ग्रंथालयांतील वृत्तपत्रांचे गठ्ठे वाळवी लागून संपत आहेत. त्यांच्यासाठी एखाद-दोन विद्यार्थी जरी कामाला लागले, तरी पुढच्या पिढीला निदान पुरावा उरेल.

पुढच्या सत्रात 'शतपत्रे' शिकवावयास उभे राहाल, तेव्हा पहिल्या तासाला लोकहितवादींच्या आधी भाऊ महाजनांचे नाव फळ्यावर लिहा. क्रमाने तेच आधी येते.