जाळरेषा कागदावर, माणसे वणव्यात



८ एप्रिल २०२१ रोजी सडक अर्जुनीशेजारच्या नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन हंगामी मजूर जळून मेले. धुरा पेटवण्याआधी कडेचा पट्टा साफ करावा, वारा पाहावा, हे प्रत्येक पऱ्हाटीवाल्याला कळते. वनखात्याची जाळरेषा म्हणजे तेच शहाणपण: १५ फेब्रुवारीआधी पट्टे कापून, जाळून मोकळे करायचे.

मोहफुलासाठी पाला पेटवताना आग निसटते, हे खरे. पण १९२७च्या वन कायद्याचे कलम २६ त्यापायी साऱ्या गावाची चराई थांबवू शकते. कलम ७९ त्याच गावाला आग विझवायला बांधते. हक्क काढायचा आणि वेठही घ्यायची?

जाळरेषेचे काम आणि रोख मजुरी जानेवारीतच ग्रामसभेला द्या. वणवा पेटल्यावर माणसे शोधू नका!