नुसती साथ?

परवा भाच्याचा मध्यमा पूर्णचा निकाल लागला. फर्स्ट क्लास! ताईने पेढे पाठवले आणि फोनवर म्हणाली, "आता त्याला सोलोकडे वळव रे, नुसती साथ करत बसायला नको." पेढा तोंडात होता म्हणून गप्प बसलो. आता लिहितो. (ताई, वाचशीलच.)

"नुसती" साथ? हे कुणी ठरवलं? निमंत्रणपत्रिका काढून बघा. तबलजीचं नाव मंडप-ध्वनिव्यवस्थेच्या जेमतेम एक ओळ वर. जळगाव काय नि धुळं काय, मी पाहिलेल्या क्लासांत पोरं कायदे, रेले, तुकडे पाठ करतात, मोबाईलवर लेहरा लावून वाजवतात. समोर नाचणारं माणूस पाच-सहा वर्षांत एकदाही उभं राहत नाही.

माझंही तेच झालं. विशारद होऊन धुळ्याला एका कथकच्या कार्यक्रमात साथीला बसलो. तीनताल म्हणजे हातचा मळ, असा माज. तत्कार सुरू झाला, लय चढली, बाईंनी तिहाई घेतली आणि मी आपला पाठ केलेला तुकडा बडवण्याच्या नादात. त्या समेवर, मी दोन मात्रा मागे! मध्यंतरात एवढंच म्हणाल्या, "दादा, डग्ग्याकडे नका बघू, माझ्या पायांकडे बघा." माझी चूक सभागृहाला त्यांची वाटली, हे मला आजही टोचतं.

स्पेनमध्ये फ्लामेंको गिटारवाला घडतो तो नाचाच्या वर्गात. कोपऱ्यात खुर्ची टाकून तासन्‌तास वाजवायचं. सोलेआ नावाच्या प्रकारात बारा मात्रांचं आवर्तन, वजन 3, 6, 8, 10 आणि 12 वर. नाचणारी पायाने इशारा देते, त्याला 'यामादा' म्हणतात, म्हणजे हाक. हाक आली की आपली सुरावट कितीही रंगलेली असो, तिच्याबरोबर वळायचं. पाको दे लुसियाला (1947–2014) जगाने सोलोसाठी डोक्यावर घेतलं, पण पोरवयात, 1960 च्या दशकात, तो होसे ग्रेकोच्या नृत्यपथकाबरोबर हिंडत होता. आपल्याकडे झाकिर हुसेन बिरजू महाराजांच्या साथीला बसत. त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि आमच्या मध्यमावाल्याला वाटणार!

कुणी म्हणेल, स्पेन कशाला हवं? बरं, नको. होळीआधी भोंगऱ्या बाजाराला शिरपूर-चोपड्याकडे जाऊन या. गळ्यात तो भलामोठा ढोल, भोवती नाचणारे, आणि वाजवणाऱ्याची नजर ढोलावर नसतेच.

परीक्षांना माझा विरोध नाही, हात त्यानेच तयार होतो. पण नाचणाऱ्यासमोर तासभर बसवल्याशिवाय विशारद देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि कथकचे क्लासवालेही काही कमी नाहीत हो. रेकॉर्डिंगवर पोरींना नाचवतात. रेकॉर्डिंग कुणासाठी थांबत नाही, पोरीच त्याच्यामागे धावतात. आमच्या गल्लीच्या टोकाला कथकचा क्लास, तीन घरं सोडून तबल्याचा... दोघांची इतक्या वर्षांत भेट नाही, काय म्हणावं भो!

असो. त्या कथकवाल्या बाईंशी बोलून आलोय. शनिवारी भाच्याला घेऊन जातो. पहिला दिवस तबला न्यायचा नाही, नुसतं पायांकडे बघायचं. ताई, डबा दे बरोबर, उशीर होईल.