वर्गातील खेळ : ‘बाद’ झालेल्या मुलाने शिकायचे कधी?

वर्गात भेंड्या सुरू होतात. पहिल्याच फेरीत एकाला शब्द सुचत नाही आणि तो बाद. पुढची पंधरा मिनिटे तो इतरांचा खेळ पाहत बसतो. ज्याला सरावाची सर्वाधिक गरज, त्यालाच सर्वात कमी सराव! वर्गात खेळ हवेतच. पण बाद करणारे नकोत.

वाळूजसारख्या भागात तर नकोतच. एमआयडीसीतील कारखान्यांमुळे बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी या वस्त्या वाढल्या. मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांतून, बिहार-उत्तर प्रदेशातूनही कामगार कुटुंबे आली. घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणारे मूल मराठी शाळेत बसले, की भेंड्यांत आधी तेच अडते. डोक्यात उत्तर असते, मराठी शब्द नसतो.

मग करायचे काय?

नियम बदलायचा. शब्द अडला तर शेजाऱ्याने कानात सांगायचा. मोठ्याने मात्र ज्याची पाळी, त्यानेच म्हणायचा. ‘नाव-गाव-फळ-फूल’ खेळताना चौघांत एक पाटी द्यावी. ‘स’ अक्षर आले आणि कोणी ‘सेब’ म्हटले, तर गटाने ‘सफरचंद’ शब्द पुरवायचा. दोन्ही शब्द पाटीवर, गुणही पूर्ण.

पाढ्यांसाठी टाळीचा खेळ घ्या. ओळीने आकडे म्हणायचे, तीनच्या पाढ्यातील संख्या आली की आकड्याऐवजी टाळी. चुकले तर सगळ्यांनी मिळून पुन्हा एकपासून. ३० पर्यंत पोहोचायचे ते अख्ख्या वर्गाने. गोंगाट होईल, होऊ द्यावा.

खर्चाचे कारण तर पुढे करूच नये. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा महागड्या साहित्याऐवजी परिसरातील वस्तू हाताशी घेतल्या. खडे, चिंचोके, बाटल्यांची झाकणे वाळूजमध्येही मिळतात. केंद्राने २०२३ मध्ये आणलेला ‘जादुई पिटारा’ चांगला आहे. पण तो शाळेत पोहोचला नाही म्हणून खेळ थांबायला नको.

शनिवार पुरेसा आहे?

राज्यात २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला. स्वागतच. मात्र त्यामुळे उरलेले पाच दिवस रुक्ष ठेवण्याची मुभा मिळत नाही. ‘निपुण भारत’ अभियानानुसार २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, साधे गणित यावे. ‘प्रत्येक’ म्हणजे भिंतीला टेकून बसलेलेही.

‘शाळेत नुसते खेळवतात’ अशी तक्रार करणाऱ्या पालकांनी आज कोणता खेळ झाला आणि तुझी पाळी किती वेळा आली, एवढे मुलाला विचारून पाहावे. शिक्षकांनीही खेळ संपल्यावर एकच नोंद ठेवावी: आज कोण एकदाही बोलले नाही? दुसऱ्या दिवशी पहिली पाळी त्याची.