नीटमध्ये १२ लाख मुलं 'पास', पण एमबीबीएसला कोण जाणार हे नेमकं कशावर ठरतं?

निकाल लागला की दुसऱ्या दिवशी काय होतं हे आपल्याला पाठ आहे. व्हॉट्सअॅपवर स्टेटस, चौकात क्लासचे फ्लेक्स, त्यावर रांगेत लावलेले फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात 'नीट क्रॅक्ड'. नातेवाइकांचे फोन सुरू होतात, "मग, डॉक्टर होणार ना आता?"

या प्रश्नाचं खरं उत्तर बहुतेक घरांमध्ये त्या दिवशी कुणालाच माहीत नसतं.

१४ जून २०२५ ला नीट यूजीचा निकाल लागला. परीक्षेला बसले होते २२ लाखांहून जास्त विद्यार्थी. त्यातले १२ लाख ३६ हजार पात्र ठरले. आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा? तेव्हा साधारण १ लाख १८ हजार.

म्हणजे एका जागेमागे दहा 'पास' विद्यार्थी. त्यातही सरकारी कॉलेजच्या जागा निम्म्याच्या आसपास. परवडणाऱ्या फीमध्ये शिकायचं असेल तर एका जागेमागे वीस. मग हे १२ लाख पास झाले म्हणजे नक्की काय झालं?

पर्सेंट आणि पर्सेंटाईल, गोंधळ इथेच होतो

नीटमध्ये पात्र ठरण्यासाठी खुल्या प्रवर्गाला ५० पर्सेंटाईल लागतात आणि आरक्षित प्रवर्गांना ४०. अनेकांना वाटतं ५० पर्सेंटाईल म्हणजे ५० टक्के मार्क. तसं नाहीये. ५० पर्सेंटाईल म्हणजे परीक्षा देणाऱ्या निम्म्या मुलांच्या पुढे असणं, बस्स.

थोडक्यात, पेपर सोपा असो की अवघड, साधारण अर्धी मुलं पात्र ठरणारच. २०२५ मध्ये खुल्या प्रवर्गाचा कटऑफ होता ७२० पैकी १४४, म्हणजे २० टक्के. नीट येण्याआधीच्या नियमांत प्रवेश परीक्षेत ५० टक्के मार्कांची अट होती. आजच्या हिशेबात ते ३६० झाले असते. टक्क्यांच्या जागी पर्सेंटाईल आलं आणि दार बरंच रुंद झालं.

आता तुम्ही म्हणाल, जास्त मुलं पात्र ठरली तर बिघडलं कुठे? ते फीच्या मुद्द्यावर कळतं. त्याआधी मार्कांचं बघू.

६५० मार्क चांगले की वाईट?

२०२४ मध्ये ६५० च्या वर मार्क घेणारे तीस हजारांच्या आसपास विद्यार्थी होते. २०२५ मध्ये ६५० च्या वर किती? ७३. त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ मार्क होते.

एका वर्षात मुलं ढ झाली नाहीत, पेपर अवघड होता. फिजिक्सचा तर फारच.

२०२४ ची गोष्ट आठवतच असेल. ४ जूनला, लोकसभेच्या निकालादिवशीच, नीटचा निकाल आला आणि तब्बल ६७ जणांना ७२० पैकी ७२०. वेळ वाया गेला म्हणून १,५६३ विद्यार्थ्यांना ग्रेस मार्क दिल्याचं बाहेर आलं. पाटणा आणि हजारीबागमध्ये पेपर फुटल्याचं स्पष्ट झालं, तपासाचे धागे लातूरपर्यंत आले. ग्रेस मार्क रद्द झाले, एका प्रश्नाचं उत्तर बदललं आणि शेवटच्या यादीत पैकीच्या पैकी घेणारे १७ उरले. सुप्रीम कोर्टाने परीक्षा रद्द करायला नकार दिला.

यातून घ्यायचा मुद्दा एकच. मार्कांची तुलना गेल्या वर्षाशी करायची नाही, रँक बघायची. २०२५ मध्ये ५२० मार्क पडले म्हणून घरात सुतक पाळणाऱ्या अनेकांची रँक २०२४ च्या ६४० वाल्यांपेक्षा चांगली होती.

जागा वाटल्या कशा जातात?

सरकारी कॉलेजच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, त्यांचं काउन्सेलिंग एमसीसी करतं. उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या, त्या आपल्याकडे सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून भरतात. एम्स आणि जिपमरची वेगळी परीक्षा असायची, २०२० पासून तिथलाही रस्ता नीटमधूनच जातो.

राज्याच्या यादीत वरची मुलं परळचं केईएम म्हणजे सेठ जीएस, भायखळ्याचं जेजे म्हणजे ग्रँट, पुण्याचं बीजे अशी नावं आधी भरतात. ग्रँट १८४५ चं, सेठ जीएस १९२६ चं. ओपीडीला इतके पेशंट येतात की पाहून पाहूनच मुलं शिकतात, म्हणून ही ओढ.

महाराष्ट्रात आणखी एक भानगड होती, ७०:३० ची. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग आणि त्या त्या भागातल्या ७० टक्के जागा तिथल्याच मुलांना. मराठवाड्यात कॉलेजं कमी, त्यामुळे जागाही कमी. जास्त मार्क असूनही लातूर-नांदेडचा मुलगा मागे राहायचा. सप्टेंबर २०२० मध्ये हा नियम रद्द झाला आणि पूर्ण राज्याची एकच यादी आली.

आता मूळ मुद्दा, फी

समजा परभणीचा एक मुलगा आहे. खुला प्रवर्ग, वडिलांची थोडी शेती आणि एक छोटं दुकान. मार्क ४७०. सरकारी सीट थोडक्यात हुकली. दुसरा एक विद्यार्थी आहे, मार्क ३२०, घरची परिस्थिती उत्तम.

सरकारी कॉलेजची फी वर्षाला एक ते दीड लाखांच्या घरात. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तरी ती कॉलेजनुसार काही लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत आणि त्यापुढेही जाते. अभिमत विद्यापीठांमध्ये वीस लाखांच्या वर, काही ठिकाणी पंचवीसच्याही पुढे. फी साडेचार वर्षांची. वीस लाखांनी हिशेब केला तरी ९० लाख, हॉस्टेल आणि मेस वेगळं.

परभणीच्या मुलाला खासगी सीट मिळते, पण तो ती घेऊ शकत नाही. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. तारण म्हणजे तीच शेती. अभिमत विद्यापीठातली सीट त्याच्यासारखे अनेक जण सोडतात, यादी खाली खाली सरकते आणि शेवटी ३२० वाल्यापर्यंत पोहोचते. तोही 'पात्र' असतो. नियमाने सगळं बरोबर असतं.

पात्रतेचं दार रुंद ठेवल्याचा परिणाम हा असा. महागड्या जागा रिकाम्या राहत नाहीत, कारण पैसे भरू शकणारा कुणीतरी १२ लाखांत सापडतोच. पहिली चाळणी मार्कांची, दुसरी पैशांची. फ्लेक्सवर पहिलीच छापतात.

यावर काही केलं गेलं का? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितलं की खासगी आणि अभिमत कॉलेजांतल्या निम्म्या जागांची फी त्या राज्यातल्या सरकारी कॉलेजइतकी ठेवा. ते सरसकट अमलात आलं नाही. तमिळनाडूने २०२० पासून सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी ७.५ टक्के जागा राखून ठेवल्या. आपल्या राज्याने २०२४ मध्ये ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. यात खासगी कॉलेजमधली कॅपची सीटही येते, अभिमत विद्यापीठ मात्र नाही. अनेक घरांना ही गोष्ट उशिरा कळते.

सीट मिळाली म्हणजे सुटलो?

नाही. साडेचार वर्षांचा अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी कॉलेज असेल तर एक वर्षाची बंधपत्रित सेवा. त्यानंतर नीट पीजी, म्हणजे पुन्हा तीच रांग.

पहिल्या वर्षी अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. ते पास व्हायला चारच संधी मिळतात. दोन वर्षं फक्त पर्याय निवडायची सवय झालेल्या मुलाला अचानक पानंच्या पानं लिहायची असतात आणि तीही इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले सहा महिने सगळ्यात जड जातात.

२०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने ऑनलाइन पाहणी केली. पदवीच्या २५ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्के जणांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. चारातला एक, त्याहून थोडे जास्तच.

मग घरात काय बोलायचं?

काउन्सेलिंगचा फॉर्म भरण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा. मार्क नाही, रँक. पहिल्या वर्षाची नाही, साडेचार वर्षांची एकूण फी. आणि शेवटच्या राउंडमध्ये सीट घेऊन सोडली तर किती डिपॉझिट जातं आणि पुढच्या वर्षी काय अडचण येते.

ड्रॉप घ्यायचा असेल तर तो किती वेळा, हे पहिल्याच वर्षी ठरवा. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, म्हणून ती घरानेच घालायची असते. तिसऱ्या ड्रॉपनंतर मुलगा नाही म्हणू शकत नाही, कारण तोवर सगळ्या गावाला माहीत झालेलं असतं.

केंद्राने पाच वर्षांत ७५ हजार जागा वाढवायचं जाहीर केलंय. २०१३-१४ मध्ये देशात ५१ हजार जागा होत्या, आज दुपटीच्या वर आहेत. जागा वाढतायत हे खरंच. पण वाढणाऱ्या जागांपैकी परभणीच्या त्या मुलाला परवडतील अशा किती, हे विचारत राहायला हवं. पुढच्या वेळी 'विक्रमी जागा वाढ' अशी बातमी दिसली, तर आकड्याच्या शेजारी फी लिहिलीये का, एवढं नक्की बघा.