वाघनखं म्हणजे ‘हिडन ब्लेड’ नव्हे

‘असॅसिन्स क्रीड’ हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या बंगळूरच्या मराठी तरुणांमध्ये एक दावा मोठ्या हौसेनं केला जातो. मनगटाखालून सर्रकन सुटणारं त्यातलं पातं आपल्याकडे साडेतीनशे वर्षांपूर्वीच होतं, शिवरायांची वाघनखं म्हणजे तेच, असा तो दावा. त्यामागच्या अभिमानाला या शहरात जागाही आहे. बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर. बालपणी शिवराय काही काळ इथे राहिले. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळाला शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी दिलेल्या दानाचा १६६९ चा शिलालेख आजही आहे. पण दावा चुकीचा आहे, आणि ज्यांच्या गौरवासाठी तो केला जातो त्यांचंच कर्तृत्व त्यानं झाकलं जातं.

आधी खेळातलं पातं पाहू. २००७ मधल्या पहिल्या खेळाचा नायक अल्तैर मध्ययुगातल्या निझारी इस्माइली मारेकऱ्यांवरून घेतलेला आहे. ते मारेकरी खरोखर होऊन गेले. ११९२ मध्ये टायर शहरात त्यांनी माँटफेरातच्या कॉनराडला मारलं, तेही साध्या सुऱ्यांनी. स्प्रिंगवर सुटणारं मनगटी पातं ही खेळ घडवणाऱ्यांची कल्पना. ती अंगावर बेतू शकते हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणूनच पात्याला वाट मिळावी यासाठी अल्तैरची अनामिका कापलेली दाखवली आहे. प्रत्यक्षात वाराचा सगळा उलटा रेटा पट्ट्यावर आणि खिटीवर येणार. खिटी सुटली की पातं मागे बाहीत शिरणार, आणि तिथेच कातडीखाली रक्तवाहिन्या, नसा नि स्नायुबंध असतात. मनगट जरा आत वाकलं तरी स्वतःचाच तळवा चिरला जाईल.

वाघनखांची घडण याच्या अगदी उलट. एका आडव्या पट्टीला चार-पाच वाकड्या नख्या आणि दोन कड्या. कड्या बोटांत जातात, नख्या तळव्याआड राहतात. ना स्प्रिंग, ना खिटी. सगळा जोर हाताच्या पकडीतून येतो. हे शस्त्र भोसकत नाही, ओरबाडून फाडतं. म्हणूनच सभासद बखरीतल्या अफजलखानाच्या भेटीच्या वर्णनात ते एकटं येत नाही. एका हाती वाघनख, दुसऱ्या हाती बिचवा. परमानंदाच्या ‘शिवभारता’त तर शिवराय खानाला मारतात ते तलवारीनं.

यावर कुणी म्हणेल, घडण वेगळी असली तरी लपवलेलं शस्त्र ते लपवलेलंच. इथेच खरा घोळ आहे. खेळातला मारेकरी गर्दीतून मागून येतो, बेसावध माणसाला टिपतो आणि पसार होतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झाली ती दोन्ही बाजूंच्या वकिलांनी ठरवलेली समोरासमोरची भेट. मराठी साधनांनुसार पहिला वार खानाचा, आणि तो निभावला अंगरख्याखालच्या चिलखतावर. शिवरायांना मारेकऱ्यांच्या पंगतीत बसवण्याची सुरुवात खेळाडूंनी केलेली नाही. साताऱ्याला राहिलेल्या ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफनं १८२६ च्या आपल्या इतिहासात या भेटीला शिवरायांनी केलेल्या दग्याचं रूप दिलं. पुढे इतिहासकार जदुनाथ सरकारांनी साधनं तपासून खानाच्या पहिल्या वाराच्या बाजूनं कौल दिला. त्या आरोपाचं खंडन करण्यात पिढ्या खपल्या असताना, कौतुकाच्या भरात आपणच तो पुन्हा उच्चारायचा का?

शस्त्राच्या खरेपणाबद्दलही तेवढीच काटेकोर भूमिका हवी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं ग्रँट डफच्याच घराण्याकडून तिथे गेली, आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. अफजलखानावर चालली ती हीच, याची खात्री देता येत नाही, हे लंडनचं संग्रहालय स्वतःच सांगतं. हे मान्य केल्यानं प्रतापगडाला काडीचाही उणेपणा येत नाही.

कारण विजय नख्यांनी मिळवलाच नव्हता. वाईला तळ देऊन बसलेल्या खानाला शिवरायांचे वकील पंताजी गोपीनाथ यांच्या मुत्सद्देगिरीनं जावळीत आणलं. तिथल्या अरण्यात त्याच्या मोठ्या फौजेचं बळ निकामी झालं. झाडीत सैन्य दबा धरून होतं, इशारतीची तोफ ठरलेली होती. भेटीच्या जागी खानाचा अंगरक्षक सय्यद बंडा याचा वार शिवरायांचे अंगरक्षक जिवा महाला यांनी अडवला. इशारत होताच मावळे खानाच्या छावणीवर तुटून पडले, आणि महिना संपायच्या आत पन्हाळा स्वराज्यात आला. वाघनखांचं काम काही क्षणांचं. त्याआधी कित्येक आठवड्यांची तयारी होती आणि त्यानंतर कोल्हापूर प्रांतापर्यंतची धडक.

बंगळुरात खेळ घडवणारे हात कमी नाहीत. त्यांतल्या कुणी प्रतापगड पडद्यावर आणायचं ठरवलं, तर खेळाडूच्या हाती आधी जावळीचा नकाशा द्यावा, वकिलाची बोलणी द्यावीत, फौजेच्या जागा निवडायला लावाव्यात, चिलखत घालायचं की नाही हेही त्याच्यावर सोडावं. इथला कुठलाही निर्णय चुकला तर वाघनखं हातात असूनही डाव हरावा.