बॉडी नको, लेन्स घे!

मागच्या रविवारी मिरजेहून मावसभावाचा फोन आला. इकडची थंडी, तिकडचा पाऊस, मावशीचे गुडघे असं सगळं झाल्यावर गाडी मूळ मुद्द्यावर आली. "दादा, डिसेंबरात येतोयस ना? येताना एक फुलफ्रेम बॉडी आण. पैशांची काळजी नको, एफडी मोडतोय."

त्याच्याकडे निकॉनचा डी३५०० आहे, आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ची किट लेन्स. घरात सहा महिन्यांची लेक आहे आणि त्याची ऐंशी ओलांडलेली आजी आहे. संध्याकाळी घरात दोघींचे फोटो काढले की ते हललेले तरी येतात, नाहीतर रवाळ. म्हणून नवी बॉडी.

मी सरळ सांगितलं, आणणार नाही. स्वारी हिरमुसली. "तिकडे राहून तुला काय, पाहिजे ते घेता येतं," असंही ऐकून घेतलं. फोनवर धड पटवता आलं नाही, म्हणून हा प्रपंच. तुमच्याही घरी हाच वाद चालू असेल तर तुमच्यासाठीही.

आधी हिशेब. ३५ मिलीमीटरला त्याची किट लेन्स साधारण एफ ४.५ पर्यंतच उघडते. निकॉनचीच ३५ मिलीमीटर एफ १.८ ची डीएक्स लेन्स (२००९ साली आली) घेतली, तर आत येणारा प्रकाश ४.५ भागिले १.८ चा वर्ग, म्हणजे सव्वासहा पट. जिथे १/१५ सेकंद लागत होता तिथे १/९० पुरतो. पोरीने हात हलवला तरी फोटो वाचतो.

आता फुलफ्रेम. सेन्सर दीड पट रुंद, दीड पट उंच, म्हणजे क्षेत्रफळ सव्वादोन पट. तेवढाच एफ आकडा ठेवला तर प्रकाशही फार तर सव्वादोन पट. तोही फुलफ्रेमची लेन्स असेल तर! आपली जुनी किट लेन्स अॅडॉप्टर लावून बसवली तर कॅमेरा फक्त मधलाच भाग वापरतो. २४ मेगापिक्सेलपैकी उरतात साडेदहा, आणि मोठ्या सेन्सरचा फायदा शून्य. म्हणजे बॉडीमागून लेन्स घ्यावीच लागणार. एफडी मोडूनही काम अर्धंच!

रवाळपणाचं म्हणाल तर अंधारात त्यातला मोठा वाटा प्रकाशाच्याच तुटवड्याचा असतो. फोटॉन मोजून येतात, आणि त्यांतली चलबिचल त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. सहा पट प्रकाश म्हणजे अडीच पट स्वच्छ चित्र. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? लेन्स हा आड आहे. पोहरा सोन्याचा केला म्हणून पाणी वाढत नाही.

हे मी शहाणपण म्हणून सांगत नाहीये. २०१३ साली पीएचडी करताना स्टायपेंडमधून वर्षभर पैसे साठवून मीही नवी बॉडीच घेतली होती. १२ मेगापिक्सेलवरून २४ वर! (रुंदीत ही वाढ फक्त ४१ टक्के, हे तेव्हाही कळत होतं. पण हौस!) लेन्स तीच जुनी. साताऱ्याला गेलो. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, माजघरात एका पिवळ्या दिव्याखाली तांदूळ निवडत बसली होती. चाळीसेक फोटो काढले असतील. फ्लॅश तिला आवडायचा नाही. सगळेच्या सगळे हललेले. हललेला चेहरा दुप्पट पिक्सेलांत अगदी इमानदारीने टिपला होता, एवढंच. म्हटलं पुढच्या खेपेला बघू. २०१५ साली आजी गेली. पुढची खेप झालीच नाही. ती ३५ची लेन्स मी त्यानंतर वर्षभराने घेतली, तीही सेकंडहँड.

"पण लेन्समध्ये पैसे घालायचे ते आयुष्यभराचे असतात" हा जुना युक्तिवाद मी करणार नाही. तो आता पूर्वीसारखा खरा राहिलेला नाही. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा; २०१८ साली झेड माउंट आला, त्याच वर्षी कॅननचा आरएफ. जुन्या लेन्स अॅडॉप्टरने चालतात, पण बॉडीतल्या मोटरवर फोकस होणाऱ्या लेन्सचा ऑटोफोकस निकॉनच्या एफटीझेड अॅडॉप्टरवर चालत नाही. डी३५०० मध्येही ती मोटर नाही, तेव्हा स्वस्त दिसली म्हणून 'एएफ-डी' घेऊ नका, 'एएफ-एस' बघा. लेन्स गुंतवणूक म्हणून घ्यायची नाही, आज संध्याकाळच्या प्रकाशासाठी घ्यायची.

एफ १.८ ला एकीचा डोळा स्पष्ट आणि दुसरी धूसर होईल, हेही खरं. मग २.८ वर या. तरी किट लेन्सच्या अडीच पट प्रकाश मिळतोच, फुलफ्रेमच्या सव्वादोन पटींहून जास्त!

बॉडी कधीच बदलू नये असं नाही. उडते पक्षी, कबड्डीचे सामने, व्हिडिओ ही कामं असतील तर नव्या मिररलेस बॉडीचा डोळे ओळखणारा ऑटोफोकस खरोखर उपयोगी आहे. पण आधी आपले शेवटचे दोनशे फसलेले फोटो काढून बसा. प्रत्येकाचा शटरस्पीड बघा आणि तो का फसला ते वहीत लिहा. ज्या कारणापुढे जास्त रेघा, त्यावर पैसे खर्च करा. बहुतेकांच्या वहीत 'अंधार' आणि 'हलला' हेच सापडेल.

मी राहतो त्या रॉचेस्टर गावात, कोडॅकमध्ये, १९७५ साली स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. १०० गुणिले १०० पिक्सेल, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. त्याची लेन्स मात्र सुपर एट सिनेकॅमेऱ्याची होती. मागचं सगळं जग बदललं, पुढची काच होती तीच चालली.

आणि आम्हा परदेशस्थांचाही यात दोष आहे. दर खेपेला गळ्यात नवी बॉडी अडकवून उतरणार आम्हीच. आमच्या गळ्यातलं यंत्र बघून तिकडच्या पोराने पुंजी मोडायची, आणि आम्ही ती उदार मनाने बॅगेतून न्यायची? हे मला जमणार नाही.

तर बाळा, एफडी राहू दे, लेकीच्या नावाने. ३५ची लेन्स मी आणतो, तिच्या बारशाची भेट राहिलीच आहे. पण डिसेंबरपर्यंत थांबू नकोस. उद्या सकाळी आजीला खिडकीपाशी बसव, मांडीवर लेक दे, आणि आहे त्या कॅमेऱ्याने फोटो काढ. सकाळचा उजेड फुकट आहे.