आला टोस्ट, गेला टोस्ट

या शनिवारी जरा भांडायचा मूड आहे. विषय आहे टोस्ट. खायचा नव्हे, वेब ॲपच्या कोपऱ्यात टोस्टरमधल्या ब्रेडसारखा टपकन वर येणारा आणि तीन-चार सेकंदांत गायब होणारा तो पॉप-अप. हिरवा आला तर 'सेव्ह झालं', लाल आला तर 'समथिंग वेंट राँग'. माझं म्हणणं असं, की आपोआप गायब होणारा लाल टोस्ट बंदच करून टाकला पाहिजे. आणि हे प्रत्येक डेव्हलपरच्या मर्जीवर न सोडता, आपण सगळीकडे वापरतो त्या रियुजेबल कंपोनंटमध्येच पक्कं करून ठेवलं पाहिजे.

एवढ्याशा डब्यासाठी एवढं भांडण? तर मंडळी, आधी निघोज्याला चला.

निघोजे हे चाकण एमआयडीसीतलं गाव. महिंद्राचा चाकणचा कारखाना याच गावात, आणि फोक्सवॅगनचा २००९ साली सुरू झालेला कारखानाही निघोजे-म्हाळुंगे-खराबवाडीच्याच जमिनीवर. या बड्या कंपन्यांच्या भोवती त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लहान-मोठे सप्लायर. हिंजवडीत नाहीतर बाणेरला एसीत बसून आपण जी ॲप्स लिहितो, त्यातली कितीतरी इथल्या पत्र्याच्या शेडमध्ये चालतात. इन्स्पेक्शनची एन्ट्री, बारकोड स्कॅनिंग, डिस्पॅच, चलन... सगळं ब्राउझरमध्ये.

आता वापरणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. हातात ग्लोव्ह्ज, शेजारी प्रेसचा दणदणाट, नजर पेटीवरच्या लेबलवर. स्क्रीन बाजूला खांबावर लटकलेली. समजा, त्याने पेटी स्कॅन केली आणि नेमकं त्याच क्षणी वायफाय गेलं. रेकॉर्ड सेव्ह झालं नाही. ॲपने इमानेइतबारे उजव्या कोपऱ्यात लाल टोस्ट दाखवला, तीन सेकंद. तो मान वर करेपर्यंत स्क्रीन स्वच्छ! त्याच्या दृष्टीने सगळं ओके, तो पुढच्या पेटीकडे वळला. दोन तासांनी गाडी बड्या कंपनीच्या गेटवर उभी. गाडीत पेट्या साठ, सिस्टिममध्ये एकोणसाठ. माल अडकला, सप्लायरच्या नावाने डेबिट नोट निघाली, आणि खापर फुटलं ते ठेकेदाराकडून आलेल्या पोरावर. "मेसेज आला होता, तूच बघितला नाहीस."

बरं, त्याने बघितला असता तरी काय? मराठवाड्यातून नाहीतर बिहारमधून आलेल्या त्या मुलाला 'समथिंग वेंट राँग' वाचून नेमकं काय करायचं ते कळणार होतं का? इंग्रजी येणाऱ्या तुम्हा-आम्हालाही कळत नाही.

हे असं का होतं? कारण टोस्ट दाखवणं आपल्याला फुकट पडतं. ॲपच्या मुळाशी एक कंटेनर बसवला, त्यात मेसेजची रांग ठेवली आणि कुठूनही बोलावता येईल असं एक फंक्शन दिलं, की काम झालं. रंग द्या, मजकूर द्या, संपलं. एका ओळीत एरर 'हँडल' होते, कोड रिव्ह्यूमध्ये कोणी हरकत घेत नाही, टेस्टर टिकमार्क करतो. त्याहून सोपी युक्ती म्हणजे सर्व्हरकडे जाणाऱ्या रिक्वेस्टवर एकच पहारेकरी बसवायचा: कुठलीही रिक्वेस्ट फसली की टोस्ट. मग नेटवर्क गेल्यावर एकाच पानावरच्या सहा रिक्वेस्ट फसतात आणि एकावर एक सहा लाल डबे चढतात. अर्थ सगळ्यांचा एकच.

आणि ते सेकंद कोणी ठरवले म्हणता? अँड्रॉइडमध्ये छोटा टोस्ट २ सेकंदांचा, मोठा साडेतीनचा. बूटस्ट्रॅपने २०१८ च्या डिसेंबरमध्ये ४.२ आवृत्तीत टोस्ट आणला, तेव्हा गायब होण्याचा डिफॉल्ट वेळ ५०० मिलिसेकंद होता. अर्धा सेकंद! पाचव्या आवृत्तीत तो ५००० झाला, म्हणजे एकदम दहापट. यातला कुठलाच आकडा निघोज्यातल्या त्या माणसाकडे बघून ठरलेला नाही. आपण लायब्ररी आणतो आणि तिच्याबरोबर हा आकडाही न विचारता घरात येतो.

सूचनांचा पूर काय करतो ते बघायचं असेल तर २४ जुलै १९९४ चा वेल्समधला मिलफर्ड हेवनचा रिफायनरी स्फोट आठवा. स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटर्ससमोर २७५ अलार्म आले. महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे, सगळे एकाच ओरडण्यात. त्यानंतर १९९९ साली आलेल्या ईईएमयूए १९१ या मार्गदर्शिकेने सुरळीत कामकाजात दहा मिनिटांना सरासरी एकापेक्षा कमी अलार्म ही चांगली मर्यादा मानली. आपला डिस्पॅच स्क्रीन काही रिफायनरी नाही, कबूल. पण माणसाचं लक्ष दोन्हीकडे तेवढंच असतं.

गंमत म्हणजे ज्या कारखान्यांना आपण डिजिटल करायला निघालोय, त्यांना हे केव्हाच कळलंय. टोयोटाची अँडॉन पद्धत घ्या. अँडॉन म्हणजे जपानी कागदी कंदील. लाइनवरच्या कामगाराला काही बिघाड दिसला की तो दोरी ओढतो, त्याच्या स्टेशनचा दिवा बोर्डावर लागतो आणि टीम लीडर तिथे येतो. गाडी ठरलेल्या जागेपर्यंत पोचेस्तोवर प्रश्न सुटला नाही, तर लाइन थांबते. तीन सेकंद झाले म्हणून तो दिवा आपला आपण विझत नाही, कोणीतरी येऊन बघितल्यावरच तो बंद होतो.

आता तुमचे आक्षेप. पहिला: चिकटून राहणाऱ्या मेसेजने युजर वैतागतो. वैतागू दे की! काम झालेलं नाही हे कळून वैतागणं बरं, की दोन तासांनी गेटवर कळणं? आणि मेसेज फार येतात म्हणून तो वैतागत असेल, तर निम्मे मेसेज मुळातच नको होते. रांगेत नवी नोंद समोर दिसतेय, मग 'नोंद यशस्वी' कशाला?

दुसरा: रियुजेबल कंपोनंटमुळे सगळीकडे एकसारखेपणा येतो. येतो ना, आणि तो हवाच. प्रत्येकाने आपापला डबा बनवून झेड-इंडेक्सच्या मारामाऱ्या करायचे दिवस परत नकोत. पण सध्या आपण फक्त रंग आणि ॲनिमेशन एकसारखं करतोय. कुठला मेसेज किती टिकणार हा नियमही कंपोनंटमध्येच असायला हवा.

तिसरा: क्लायंटच तसं मागतो. क्लायंट 'मेसेज दाखवा' म्हणतो. तो किती वेळ टिकवायचा हे त्याला आपणच सांगायचं असतं, त्याचेच तर पैसे घेतो.

मग कंपोनंट कसा असावा? एररच्या प्रकाराला वेळेचा पॅरामीटरच देऊ नका. द्यायचा प्रयत्न केला तर कोड कंपाइलच होऊ नये. एरर जिथे घडली त्या ओळीपाशी, त्या पेटीपाशी दाखवा, आणि 'पुन्हा पाठवा' हे बटण सक्तीचं ठेवा. एकच कारण सहा वेळा आलं तर एकच मेसेज आणि शेजारी आकडा. मजकूर वापरणाऱ्याच्या भाषेत. आपोआप जाण्याची मुभा फक्त अशा मेसेजला, जो चुकला तरी कोणाचं काही बिघडत नाही, आणि त्यातही माउस वर नेला किंवा कीबोर्डने तिथे गेलं की घड्याळ थांबलं पाहिजे. वेळेची मर्यादा वापरणाऱ्याला बंद करता, बदलता किंवा वाढवता यावी, हे डब्ल्यूसीएजी २.० ने २००८ सालीच सांगितलंय, तेही अगदी पहिल्या पातळीवर. गिटहबची प्रायमर ही डिझाइन सिस्टिम तर टोस्ट वापरूच नका म्हणते.

हे सगळं एका स्प्रिंटचं काम आहे. सोमवारी स्टँडअपमध्ये फक्त एक प्रश्न विचारा: आपल्या ॲपमधला लाल मेसेज ज्याच्या नजरेतून सुटेल, त्याचं काय होईल? उत्तर 'काही नाही' असेल, तर तो मेसेज काढून टाका. उत्तर दुसरं काही असेल, तर तो जाऊ देऊ नका.